तेविसावी ओटी

देवाशी माझं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. भांडण असं काही झालं नव्हतं. एखाद्या नातेवाइकाकडे जाणं हळूहळू कमी व्हावं आणि मग एक दिवस लक्षात यावं की आता गेलो तर दोघांनाही अवघडल्यासारखं होईल, तसं काहीसं. तुमच्या आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात मी आयुष्यात पहिल्यांदाच नवस बोलले होते. माझे वडील हैदराबादला रेल्वेत होते, आम्ही बहिणी इंग्रजी शाळेत शिकलो, घरात नवस-सायासांना थारा नव्हता. तरी बोलले. आजोबा गेले. पुढे मी देवघर रोज पुसत असे, दिवा वेळच्या वेळी लावत असे, पण हात जोडले की आत शब्दच उमटत नसत. घड्याळाला किल्ली द्यावी तसा तो दिवा लागायचा.

हे आज लिहायला बसले ते रेवा, तुझ्या पाकिटामुळे. तुझ्या शाळेची मुलं मिळून डोंगर चढणार आहेत आणि त्यातून जमलेल्या पैशांतून कुठल्याशा दूरच्या गावात पाण्याची सोय होणार आहे, असं तू लिहिलंस. सोबत फॉर्म पाठवलास. "आजी, तुला हे जरा विचित्र वाटेल. चढणार आम्ही आणि पैसे देणार दुसरे." विचित्र मुळीच वाटलं नाही गं. मला हसू आलं. मग मी उठून कपाट उघडलं आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक हिरवा खण काढून मांडीवर घेऊन बसले. या खणाची गोष्ट तुझ्या बाबाला मी अर्धीच सांगितली होती. तुम्हा दोघा भावंडांना पूर्ण सांगते.

तुझा जन्म झाला त्या वर्षीची ही गोष्ट. जालन्याच्या शाळेत आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवून मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. रिकामं बसणं मला जमत नाही. दर शनिवारी सकाळच्या एसटीनं मी केदारखेड्याला जायची आणि तिथून पुढे पूर्णेकाठच्या एका वाडीवर. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा शिक्षिका होती. तिच्या सातवीच्या वर्गाला मी इंग्रजी शिकवायची. वर्गात मुली सहा. शाळा सातवीपर्यंतच, पुढचं हायस्कूल केदारखेड्याला, म्हणजे पाच किलोमीटर. वाडीतली एकही मुलगी आजवर आठवीत गेली नव्हती.

त्या सहांपैकी मीरा नावाची एक होती. सारखे प्रश्न विचारायची. 'नाइफ'मधला 'के' जर बोलायचाच नसतो तर लिहायचा कशाला, असं तिनं मला विचारलं आणि मला पटेलसं उत्तर देता आलं नाही. माघ लागायच्या सुमारास तिचे वडील शाळेत आले. वाईट माणूस नव्हता. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"बाई, शिकू नको असं मी कुठं म्हणून राह्यलो?" तो म्हणाला. "पन पाच किलोमीटर रस्ता, मधी नाला, दोन्हीकडं मानसाच्या वर कपाशी. पोरीला पायी कशी सोडू? मंठ्याकडचं एक स्थळ आल्तं. त्यानला अजून न्हाई म्हनलेलो न्हाई मी."

मीरा फळ्याजवळ उभी राहून सगळं ऐकत होती. तिचा चेहरा बघून माझा तोल गेला. आयुष्यात मी विचार केल्याशिवाय दुकानात भाजीसुद्धा घेतली नाही, पण त्या दिवशी बोलून गेले, "जूनमध्ये या सहाही मुलींच्या दारात सायकली असतील. सहाजणी मिळून जातील. मग तर हरकत नाही ना?"

तो म्हणाला, "मंग बिलकुल न्हाई. मंठ्याच्यानला जूनपत्तोर थांबा म्हनतो."

मीरा एवढंच म्हणाली, "घंटीवाली का, बाई?"

परतीच्या एसटीत बसले आणि हिशोब मांडला. माझ्या पेन्शनीत फार तर दोन सायकली बसल्या असत्या. दोन आणल्या तर सहांतल्या कुठल्या दोघींना द्यायच्या? आणि बाकीच्या चौघींशिवाय त्या दोघींना तरी कोण सोडणार? त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. वर्तमानपत्र हातात घ्यायचं, ठेवायचं. चहा गार व्हायचा. पायाला भिंगरी लागल्यासारखी मी घरातल्या घरात हिंडायची.

तेव्हा तुझ्या बाबाचं पत्र आठवलं. त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी एक डोंगर चढून अनाथ मुलांसाठी पैसे उभे केले होते. मी ठरवलं, आपणही असंच करायचं. चढायचं तर महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर चढायचं, म्हणजे लोकांना काहीतरी वाटेल. वय साठ. डावा गुडघा दुखरा. पण यादी करायला घेतली की मला धीर येतो. तारीख, गाड्या, सामान, सराव असं सगळं ओळीनं लिहिलं. सरावासाठी अंबडला जाऊन मत्स्योदरीच्या टेकडीच्या पायऱ्या चार वेळा चढले-उतरले. देवळात गेले नाही. पायऱ्यांपुरतीच गेले.

मग गल्लीत निघाले. पहिलं घर यशोदाबाईंचं. आमच्या शेजारी त्यांची पिठाची गिरणी होती. पीठ भुवयांपर्यंत उडालेलं असायचं आणि गिरणीच्या आवाजावर आवाज काढून काढून त्यांना हळू बोलता येईनासं झालं होतं. मी त्यांना नीट समजावून सांगितलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "डोंगर तुमी चढनार?"

"हो."

"आन् पैशे आमी द्यायचे?"

"सायकलींसाठी."

"मंग सायकलीसाठी मागा की सरळ! त्याला डोंगर कशाला पायजे? तुमच्या चढन्यानं सायकल सस्ती व्हनार हाय का? आमचा कुंभार रोज गाढव घेऊन चढून राह्यला, त्याला कोन देतं का पैशे?"

गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका हसल्या. मीही हसले, पण मनातून खट्टू झाले. निघाले तेवढ्यात त्यांनी पाठीमागून विचारलं, "डोंगराचं नाव काय म्हनले?"

"कळसूबाई."

यशोदाबाईंनी गिरणी बंद केली. एकदम शांतता झाली. "बाई? म्हनजे देवी हाय का तिथं?"

"वर लहानसं देऊळ आहे म्हणतात."

"अवं मंग आधी बोलायचं का न्हाई! तुमी देवीला जाऊन राह्यले! इतक्या उंचावर मला या जन्मात कोन नेनार? माझी ओटी घेऊन जा. आन् सायकलीचं काय असंल ते देते मी, बराबर देते."

ओटी म्हणजे खणात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून देवीच्या पुढे ठेवायचं. बाई बाईचीही ओटी भरते, तिच्या पसरलेल्या पदरात. ओटीबरोबर मागणं जातं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की इंग्रजीच्या बाई कळसूबाईला ओट्या घेऊन निघाल्या आहेत. मी 'स्पॉन्सर' म्हटलं होतं, गल्लीनं 'ओटी' ऐकलं. आणि मी दुरुस्ती केली नाही. जन्मभर मुलींच्या वह्यांत एक मात्रा चुकू दिली नाही, पण इथे गप्प बसले, कारण सायकली होत होत्या.

बावीसजणी झाल्या. प्रत्येकीनं सायकलींसाठी आपल्या परीनं दिलं आणि ओटीबरोबर मागणं सांगितलं. एकीला मुलाची नोकरी हवी होती. एकीला जावेशी पुन्हा बोलणं सुरू व्हायला हवं होतं. एक नुसतंच म्हणाली, "तिला सांगायची गरज न्हाई, तिला ठाऊक हाय." मी सगळं वहीत लिहून घेतलं. लिहिताना वाटायचं, जिच्यावर आपला विश्वास उरला नाही तिच्याकडे आपण दुसऱ्यांची मागणी घेऊन निघालोय. पोस्टमननं पत्त्यावर कुणी राहत नाही हे माहीत असून पत्र घेण्यासारखं हे. त्या टोचणीपायी मी सगळ्यांना एक शब्द दिला, की शिखरावर पोचले नाही तर प्रत्येकीचं दिलेलं परत. त्यानं माझं मन थोडं हलकं झालं आणि धास्ती दुप्पट झाली. आता गुडघ्यानं दगा दिला तर मीराची सायकलही गेली.

आणखी एक गोष्ट होती. आजोबा गेल्यापासून मी ओटीला हात लावला नव्हता. गल्लीतल्या हळदीकुंकवाला मला आवर्जून बोलवायचे. करंडा फिरायला लागला की मी उठून स्वयंपाकघरात जायची, डाळ वाटायला नाहीतर पन्हं गाळायला. मला कुणी कधी ऊठ म्हटलं नाही. कुणी म्हणायच्या आतच मी उठत असे. इतकी वर्षं मी त्याला शिस्त समजत होते. आता विधवेच्या हातून बावीस सवाष्णींच्या ओट्या जाणार, हे कुणालाच कसं खटकलं नाही? विचारायचं धाडस मला झालं नाही.

यशोदाबाईंनी ओट्या बांधायचं काम अंगावर घेतलं. नारळावरून वाद झाला. बावीस नारळ घेऊन चढायचं म्हणजे मला हमालच व्हावं लागलं असतं. शेवटी सगळ्यांचा मिळून एक नारळ ठरला. यशोदाबाईंनी आपल्या हातानं बावीस गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीला मी नाव-नंबराची चिठ्ठी सेफ्टीपिननं लावली. निघायच्या दुपारी पिशवी भरताना मी तीनदा मोजल्या. बावीस.

सुनंदा सोबत यायला तयार झाली. जालन्याहून रेल्वेनं नाशिक, तिथून घोटीला तिच्या मावशीकडे मुक्काम, आणि मंगळवारी सकाळी पहिल्या एसटीनं डोंगराखालच्या बारी गावात. गावातल्या पारावर बसून मी ओट्या मोठ्या पिशवीतून खांद्याच्या झोळीत भरायला लागले. भरता भरता मोजल्या.

तेवीस.

पुन्हा मोजल्या. तेवीस. बावीस चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. एका ओटीला चिठ्ठी नव्हती. हिरवा खण, घट्ट गाठ.

"पिन गळून पडली असंल, बाई," सुनंदा म्हणाली.

"चिठ्ठ्या बावीस आणि नावं बावीस. गळेल कुठली?"

"मंग कुनीतरी मागून ठिवली असंल. चला ना, ऊन व्हायच्या आत चढू."

मी निघाले, पण माझं लक्ष उडालं. समोर शेतं होती, वर निळा कातळ उभा होता, सुनंदा पक्षी दाखवत होती, आणि माझ्या डोक्यात एकच, ही ओटी कुणाची? वर जाऊन नाव काय घ्यायचं? कुणीतरी माझ्यावर विसंबून काही मागितलंय आणि ते माझ्या वहीत नाही. साठ वर्षांची बाई महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर चढत होती आणि जीव अडकला होता एका न लावलेल्या चिठ्ठीत. आज हसू येतं. तेव्हा रडू यायचं बाकी होतं.

दोन तासांनी लोखंडी शिड्या लागल्या. कड्याला टेकवलेल्या, खाली मोकळी दरी. पहिली शिडी आम्ही दोघी चढलो. दुसरीच्या मध्यावर सुनंदानं खाली दरीत बघितलं. ती डोळे मिटून तशीच खाली उतरली आणि कातळाला पाठ लावून बसली. "बाई, माझ्यानं खाली बघवत न्हाई. मी हितंच बसते. तुम्ही पन नका जाऊ."

"तू पाणी पी आणि इथून हलू नकोस," मी बाईंच्या आवाजात म्हटलं, आणि एकटीच निघाले. शिडीची एकेक पायरी मोजत वर गेले. मोजलं की भीती वाटत नाही असा माझा जुना अनुभव. त्या दिवशी तोही कामाला आला नाही. वाऱ्यानं पदर तोंडावर येत होता. शिडी संपून सपाटीवर पाय टेकला आणि डाव्या गुडघ्यातून कळ निघाली ती थेट डोक्यात. मी मटकन खालीच बसले. उठायला गेले तर गुडघा वजनच घेईना.

समोर शेवटचा चढ दिसत होता, त्याच्यावर आणखी एक शिडी, आणि माथ्यावर बोटाएवढं देऊळ. इतकं जवळ. मांडीवर झोळी घेऊन मी तिथे बसले आणि मनातल्या मनात परत करायची यादी सुरू केली. यशोदाबाईंना काय सांगायचं. मीराच्या वडिलांना काय सांगायचं. मग एकदम आतून राग आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी देवीशी बोलले, आणि बोलले ते असं, "तेव्हाही तू हेच केलंस."

मागून एक बाई आली. माझ्याच वयाची असेल, कदाचित मोठी. डोक्यावर पाण्याचा हंडा, त्याला हातही लावलेला नाही, पाय अनवाणी. त्या शिड्या ती हंडा घेऊन कशी चढली असेल, की तिला दुसरी वाट ठाऊक होती, मला माहीत नाही. हंडा उतरवून ती माझ्याजवळ बसली. तांब्याभर पाणी दिलं.

"का गं बाय, बसलीस?"

"गुडघा गेला."

"कुठली तू?"

"जालन्याची."

"ते कुठं आलं?" असं विचारून उत्तराची वाट न बघता तिनं झोळीकडे हनुवटी केली. "येवढं काय आनलंस?"

"ओट्या. बावीसजणींच्या."

"आन् तुझी?"

"माझी नाही."

"का गं?"

"माझे यजमान वारले. अकरा वर्षं झाली."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून वरच्या देवळाकडे बघितलं. "आन् हिला कोन हाय? कामाला राहिली व्हती एका घरी. न्हाय ते काम सांगितलं, तशी उठली आन् चालत वर आली. घो न्हाय, घरदार न्हाय. एकलीच बसलीय. तिची वटी कुनी बंद केली का कधी?"

तिनं झोळीत हात घातला, एकेक ओटी बाजूला केली आणि बरोबर तो हिरवा खण बाहेर काढला. "हिला कागूद न्हाय. ही कुनाची?"

"माहीत नाही. सकाळपासून तेच शोधतेय."

तिनं दातानं गाठ सोडली.

"अहो, नका! कुणाची तरी आहे ती!" मी तिचा हात धरला.

"आसंल. आता तुझ्या गुडघ्याची हाय. पदर कर म्होरं."

"कशाला?"

"तांदूळ सांडू का भुईवर?"

तिचा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. तांदळाला कुठेतरी जागा हवी होती. मी पदर पुढे केला. तिनं खणातले तांदूळ, सुपारी, हळकुंड माझ्या पदरात ओतलं. मूठभर तांदळाला वजन ते किती असणार? पण अकरा वर्षांनी ते पदरात पडलं आणि मी दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. खणाची तिरकी घडी घातली, गुडघ्याच्या वर आणि खाली असे वेढे घेऊन अशी काही गाठ मारली की गुडघा जागच्या जागी बसल्यासारखा झाला. "ऊठ," ती म्हणाली. मी उठले. दुखत होतं, पण पाय वजन घेत होता. पदराचं टोक मी कमरेला खोचलं.

हंडा डोक्यावर घेऊन ती पुढे, मी मागे. शेवटच्या शिडीशी आलो तशी मी सवयीनं पुटपुटायला लागले, एक, दोन, तीन.

ती वरून म्हणाली, "मोजू नगं गं. मोजल्या का वाढत्यात."

मी मोजायचं थांबवलं. बाळांनो, तुम्हाला हे साधं वाटेल. माझ्यासाठी साधं नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या, कुकरच्या शिट्ट्या, आजोबांच्या दवाखान्यातले दिवस, मी सगळं मोजत आले होते, जणू मोजणं थांबलं तर सगळं कोसळेल. त्या शिडीवर माझ्यापाशी काही आकडा उरला नाही. पुढच्या दोन भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या आणि हातात गार लोखंड होतं. त्या टाचा जिथून उचलल्या जात होत्या तिथे मी हात ठेवत गेले. शिडी कधी संपली मला कळलं नाही.

माथ्यावर इतका वारा होता की देवळाच्या भिंतीला धरूनच चालावं लागलं. आत दोघी-तिघींपुरती जागा. मी बसले, वही काढली आणि बावीस नावं एकेक करून वाचली, त्यांची मागणी वाचली, ओट्या ठेवल्या. 'तिला ठाऊक आहे' हेही वाचलं. नारळ वाढवला. मग पदरातले तांदूळ राहिले. अर्धे देवीपुढे ठेवले, अर्धे पदरात राहू दिले. नाव घ्यायचं ते कुणाचं? काय मागायचं? मी फक्त म्हटलं, "आले."

एवढंच. पण ते आतून आलं होतं.

बाहेर आले तेव्हा ती बाई नव्हती. देवळामागे पाण्याचं पिंप भरलेलं होतं. मी तिथल्या पुजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पाणी आणणाऱ्या दोघी-तिघी आहेत, आपापल्या वेळेनं येतात-जातात. असेल त्यातलीच. उतरताना पुन्हा दिसली नाही. बावीसजणींची नावं लिहून नेणारी मी, तिचं नाव विचारायला विसरले.

शिडीखाली सुनंदा वाट बघत होती. तिनं माझ्या गुडघ्याकडे आणि खोचलेल्या पदराकडे बघितलं. माझा हात धरून उतरली.

जालन्याला आल्यावर पहिलं काम म्हणजे मी घरोघरी जाऊन विचारलं. कुणीही दुसरी ओटी दिली नव्हती. यशोदाबाईंनी तर गळ्याला हात लावला. "आयची आन, बाई. बावीसच बांधल्या व्हत्या मी. आन् ह्यो हिरवा खण? मी तर समदे लाल आन् जांभळे आनल्ते." मग त्यांनी खण उलटसुलट करून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाला तिनं बोलिवलं, आन् तुमी मोजत बसल्या व्हय?"

मी कधी कुणाला हा चमत्कार आहे असं सांगितलं नाही. घोटीत सुनंदाच्या मावशीनं ठेवली असेल. तिला विचारलं तर ती नुसती हसली, आणि त्या हसण्याचा अर्थ मला लावता आला नाही. रेल्वेत शेजारी बसलेल्या बाईनं ऐकून ठेवली असेल. मीच मोजताना चुकले असेन, असंही असेल. मी मात्र शोध थांबवला. ज्यानं कुणी ती ओटी ठेवली त्यानं चिठ्ठी लावली नव्हती, तेव्हा नाव नको असणार.

चैत्रात यशोदाबाईंकडे हळदीकुंकू होतं. करंडा फिरायला लागला तशी मी सवयीनं उठले. यशोदाबाईंनी भरल्या घरात, गिरणीवरच्या आवाजात हाक मारली, "बसा खाली! पन्हं गाळलेलं हाय!" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बसले. त्यांनी माझ्या पुढ्यात उभं राहून वाट बघितली, आणि मी पदर पसरला.

जूनमध्ये सत्तारभाईंच्या सायकलच्या दुकानातून सहा सायकली टेम्पोत चढल्या. घंट्या त्यांनी आपल्याकडून बसवल्या. "बाईसाब, घंटी के बगैर सायकल यानी नमक के बगैर सालन," ते म्हणाले. वाडीवर पोचल्यावर मीरानं आधी घंटी वाजवून बघितली, नंतर सायकलीवर बसली. तिचे वडील टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "मंठ्याच्यानला कळवून टाकतो." सहाही मुली शेवटपर्यंत शिकल्या असं नाही. एक नववीत थांबली, तिच्या सायकलीवर पुढे दुधाचे कॅन गेले. मीरा बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात नोकरीला आहे. दिवाळीला येते. अजूनही प्रश्न विचारते.

देवाशी माझं बोलणं सुरू झालं. फार नाही, दोन माणसं जुनी झाली की जेवढं बोलतात तेवढं. आजोबा का गेले याचं उत्तर मला त्या डोंगरावर मिळालं नाही, आणि आता मी विचारतही नाही. मला वाटायचं शरण जाणं म्हणजे काहीतरी सोडून देणं. तसं नसतं बहुतेक. पदर पुढे करणं, एवढंच असतं. तेच मला साठ वर्षं जमलं नव्हतं. ती वही माझ्याकडे आहे. बावीस नावांच्या खाली मी तेवीस हा आकडा लिहिला आणि पुढची ओळ कोरी ठेवली.

रेवा, तुझा फॉर्म नीट भरून, सही करून पाठवतेय. डोंगर चढताना पायऱ्या असतील तर मोजू नकोस. सोबत तो हिरवा खण आहे. जपून ठेवायला नाही, वापरायला पाठवलाय. लागला तर गुडघ्याला बांध. आणि उतरलीस की मला परत पाठवू नकोस. पुढच्या वेळी कुणी डोंगराला निघालं, तर त्यात मूठभर तांदूळ घालून गाठ मार, आणि त्याच्या पिशवीत हळूच ठेवून दे. चिठ्ठी लावू नकोस.